पाळीखालची ओल दरवर्षी परत का येते? लहान मातीच्या धरणाची गळती शोधणं आणि थांबवणं

तक्रार बहुतेक गावांतून सारखीच येते. पोळ्याच्या सुमारास तळं काठोकाठ भरतं, दिवाळीच्या सुट्टीत बोटी चालतात आणि संक्रांत येईतो बोटीचा धक्का चिखलात उभा असतो. पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, खालच्या अंगाला मात्र गवत हिरवंगार, पाय टाकला की पचपच. मग उन्हाळ्यात दोन टिप्पर मुरूम आणून ती ओली जागा दाबून टाकली जाते. पुढच्या हंगामात ओल पुन्हा हजर, पाच हात बाजूला किंवा हातभर वर.

ती वर चढते ती बरेचदा त्या मुरमामुळेच. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपणारच, ते खालच्या पायथ्याशी निघतं. तिथे घट्ट मुरूम, काळी माती किंवा काँक्रीट चोपून बसवलं की पाण्याचा दाब मागे साचतो, पाळीच्या पोटातली ओलीची रेघ वर सरकते आणि पाणी नवी जागा शोधून बाहेर पडतं. पाणी अडवायचं असेल तर तळ्याच्या बाजूने अडवा. खालच्या बाजूने त्याला वाट द्यायची आणि अडवायची ती फक्त माती.

पुढची मापं ४ ते ७ मीटर उंचीची, १०० ते २०० मीटर लांबीची पाळ आणि दोनेक हेक्टर पाणी धरून दिली आहेत. विदर्भातले बहुतेक बोटिंगचे गावतलाव, शेत-पर्यटनाची तळी आणि पूर्वेकडचे जुने मालगुजारी तलाव याच मापाचे.

कामाला हात लावण्याआधी एक कागद बघा: तलाव मुळात कोणत्या प्रकारचा म्हणून बांधला होता? पाझर तलाव असेल तर पाणी जमिनीत मुरवणं हेच त्याचं काम. पाळीखालून पाणी जाऊ नये म्हणून खणून मातीने भरलेली चर त्यात पक्क्या खडकापर्यंत नेलेली नसते. अशा तलावावर बोटी आणून ठेवल्या आणि जानेवारीत तो आटला, तर त्यात बिघाड काहीच नाही. खालच्या विहिरींचं पाणी त्याच्याच जिवावर आहे. तो ‘दुरुस्त’ करायला निघालात तर खालचे शेतकरी भांडायला येतील, आणि त्यांचंच बरोबर असेल.

पाणी झिरपतंय की उडतंय

दोन हेक्टर पाण्यावर १ मिमी पातळी म्हणजे २०,००० लिटर. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत उघड्या पाण्याची वाफ दिवसाला साधारण ३ ते ४ मिमी होते, मेमध्ये ८ ते १२ मिमी. म्हणजे एकट्या मे महिन्यात फूटभर पाणी नुसत्या उन्हाने जातं. म्हणून ही चाचणी डिसेंबरात करा. उन्हाळ्यात केली तर वाफ आणि गळती वेगळी काढता येत नाही.

काठाजवळ गुडघाभर पाण्यात विटांवर एक मोठी प्लास्टिकची बादली ठेवा. आत बाहेरच्या पातळीइतकंच पाणी भरा, काठ पाण्याच्या चार बोटं वर राहू द्या. आत एक स्टीलची फूटपट्टी, बाहेर गाडलेल्या खांबाला दुसरी. विमोचकाचं (पाळीतून पाणी सोडायच्या पाईपचं) गेट बंद, काठावरच्या मोटारी बंद, बागेचं पाणीही बंद. सात दिवस सकाळी सात वाजता, वारा पडलेला असताना, दोन्ही पट्ट्या वाचा. बादलीतली घट ही वाफ. तळ्याची घट त्याहून जितकी जास्त, तितकी गळती. नाल्यातून अजून धार येत असेल तर तीही मोजून हिशेबात धरा, नाहीतर गळती कमी दिसेल.

समजा तळं दिवसाला १५ मिमी उतरतंय आणि बादली ४ मिमी. फरक ११ मिमी, म्हणजे दोन हेक्टरवर २,२०,००० लिटर. सेकंदाला अडीच लिटर. आता पाळीखाली जा. सगळी ओल एका नालीत गोळा करा आणि १५ लिटरची बादली किती सेकंदात भरते ते बघा. सहा सेकंदांत भरली तर तेच अडीच लिटर, म्हणजे सगळं पाणी पाळीतून किंवा तिच्या पायातून येतंय. भरायला तीस सेकंद लागले तर खाली येतंय अर्धाच लिटर. उरलेले दोन लिटर तळ्याच्या बुडातून जमिनीत जातात. अशा वेळी पाळ कितीही उकरली तरी हिशेब जुळणार नाही.

बादलीपेक्षा बरं म्हणजे नालीत ३ मिमी जाडीच्या पत्र्याची व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच, बसवणं. खाच बरोबर काटकोनाची कापा, पत्र्याच्या कडेने पाणी सुटू नये म्हणून भोवती काळी माती चोपा. पाण्याची उंची खाचेच्या तोंडाशी मोजायची नसते, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. अर्धा मीटर मागे, खाचेच्या खालच्या टोकाशी पाणसळ जुळवून गाडलेल्या पट्टीवर मोजा. ३ सेंमी म्हणजे सेकंदाला ०.२ लिटर, ५ सेंमी म्हणजे ०.७७, ८ सेंमी म्हणजे २.५, १० सेंमी म्हणजे ४.४ लिटर.

गळती कोणत्या पातळीला थांबते

एवढी एक नोंद असेल तर निम्मी दुरुस्ती झाली असं समजा. बहुतेक ठिकाणी ती नसते.

बोटीच्या धक्क्याच्या खांबावर किंवा विमोचकाच्या विहिरीवर ऑइल पेंटने पट्टी रंगवा, शून्य विमोचकाच्या उंबऱ्याला धरा. दर सोमवारी वहीत चार गोष्टी लिहायच्या: तळ्याची पातळी, नॉचचं माप, पाणी नितळ की गढूळ, आठवड्याचा पाऊस. पोळ्यापासून होळीपर्यंत ही वही चालवली की चित्र स्पष्ट होतं.

पातळीबरोबर गळतीही हळूहळू कमी होत गेली, तर पाणी पाळीच्या पायातून किंवा अंगभर सारखं झिरपतंय. पातळी ३.८० मीटर असताना नॉचवर ५ सेंमी आणि ३.४० ला आल्यावर अचानक कोरडं, असं झालं तर दुखणं या दोन रेघांच्या मधल्या ४० सेंमीतच आहे. पाणी उतरल्यावर तळ्याच्या बाजूने तेवढा पट्टा पिचिंगचा (उतारावर रचलेल्या दगडी आवरणाचा) दगड न् दगड हलवून तपासा. पातळी विमोचकाच्या उंबऱ्याखाली गेली तरी ओल कायम असेल तर पाण्याची वाट पाळीच्या पायाखालून आहे. आणि गेट उघडल्या-मिटल्याने ओल बदलत असेल तर पाईप बघा. काळ्या मातीतून पाणी सावकाश येतं, म्हणून खालचा बदल वरच्या बदलापेक्षा आठवडाभर उशिरा दिसेल. घाईने निष्कर्ष काढू नका.

भोक तळ्याच्या बाजूला कुठे आहे ते शोधायला वारा नसलेल्या सकाळी पाळीलगत पाण्यावर मूठ-मूठ कुटार (भुसा) टाका. मोठं भोक असेल तर कुटार तिकडे ओढलं जातं, गोल फिरायला लागतं. बारीक गळतीला ही युक्ती चालत नाही.

आणि हो, पाळीच्या उतारावर बाग केली असेल तर तपासणीआधी आठ दिवस तुषार सिंचन बंद ठेवा. बागेचंच पाणी गळती म्हणून मोजलं जाण्याचे प्रकार कमी नाहीत.

विमोचकाचा पाईप

लहान धरणांत सगळ्यात आधी संशय इथे घ्यायचा. झाडीपट्टीतल्या जुन्या तलावांत याला तुडुम म्हणतात. नव्या पाळींत बहुधा ३०० मिमीचा ह्यूम (सिमेंट काँक्रीटचा) पाईप असतो. पाईपच्या पोटाखाली, दोन्ही बगलांत, माती नीट चोपता येत नाही. रोलर तिथे जात नाही आणि हाताने धुम्मस मारायचा कंटाळा केला जातो. पाणी पाईपच्या अंगाला धरून चालत येतं आणि येताना कण-कण माती घेऊन येतं.

दोन प्रकार वेगळे ओळखा. गेट बंद असताना पाईपच्या आतून धार येत असेल तर गेटचं रबर गेलंय किंवा सांधे उघडलेत. पाईपच्या बाहेरून, काँक्रीटच्या तोंडभिंतीच्या कडेने पाणी येत असेल तर ती जास्त वाईट बातमी.

बऱ्याच तळ्यांवर सोयीसाठी व्हॉल्व्ह खालच्या टोकाला बसवलेला असतो. त्यामुळे पाईप बारा महिने तळ्याच्या पूर्ण दाबाखाली राहतो आणि एखादा सांधा उघडला की आतलं पाणी पाळीच्या पोटातच सुटतं. नियंत्रण तळ्याच्या बाजूला हवं, म्हणजे गेट बंद केलं की पाईप रिकामा. सांधे गेलेल्या ३०० मिमीच्या पाईपात २२५ किंवा २५० मिमी बाह्य व्यासाचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाईप सरकवून, दोन्ही टोकं बंद करून, मधल्या पोकळीत सिमेंटचा पातळ घोळ वरच्या तोंडातून घोळच उसळेपर्यंत भरतात. घोळ भरताना आतल्या पाईपात पाणी भरून ठेवा, नाहीतर तो तरंगून वर चिकटतो आणि एकाच बाजूला पोकळी राहते.

बाहेरून गळत असेल तर मे महिन्यात, पाणी पाईपच्या उंबऱ्याखाली गेल्यावर, खालच्या टोकाकडचा एकतृतीयांश पाईप उघडा करा. त्याच्या भोवती, खाली आणि वरही, धुतलेल्या जाड रेतीचा १ मीटर जाडीचा आडवा पडदा उभा करायचा. बाजूंना आणि वर पाईपच्या व्यासाच्या तिप्पट पसरेल इतका. त्या रेतीतून गिट्टीची नाली काढून पायथ्याच्या नालीला जोडा. पूर्वी पाईपला दर काही मीटरवर काँक्रीटच्या कॉलर घालत. त्या कॉलरांच्या कोपऱ्यांत माती आणखीच कमी दबते, म्हणून आता भर रेतीच्या पडद्यावर असतो. तळ्यात पाणी असताना पाईप उकरायला घेणं म्हणजे धरण फोडायला घेणं.

माती, भेगा आणि खेकडे

पश्चिम विदर्भात पाळीचा गाभा काळ्या मातीचा असतो. पाणी अडवायला ही माती उत्तम, पण उघडी पडली तर उन्हाळ्यात तडकते, भेगा मीटरभरही खोल जातात. मृगाच्या पहिल्या सरींनी वरून तोंडं मिटल्यासारखी दिसतात, आत पोकळी राहते आणि तळं भरलं की पाणी तिथून आडवं निघतं. पाळीच्या माथ्यावर आणि उतारावर ३० ते ४५ सेंमी मुरमाचं आवरण असतं ते याचसाठी. फिरायला रस्ता करताना हा मुरूम खरवडून पेव्हर ब्लॉक बसवले आणि खाली काळी माती उघडी राहिली, तर दोन उन्हाळ्यांत ब्लॉक वाकडेतिकडे होतात. तो रस्त्याचा नव्हे, पाळीचा इशारा असतो.

अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात प्रकरण वेगळं आहे. तिथल्या मातीत सोडियम जास्त, त्यामुळे काही माती पाण्यात ढेकळासारखी फुटत नाही, विरघळल्यासारखी ढगाळ होते. अशा मातीत बारीकशी वाटही वेगाने मोठी होते. तपासणी सोपी आहे: काचेच्या ग्लासात बॅटरीत घालायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या, ॲसिड नव्हे, त्यात चण्याएवढा मातीचा खडा अलगद सोडा आणि हलवू नका. दहा मिनिटांत खड्याभोवती दुधाळ ढग पसरला तर माती घातक. बोअरचं पाणी वापरू नका. क्षारांमुळे ढग दबून राहतो आणि वाईट माती चांगली ठरते. पर्यायच नसेल तर दुरुस्तीच्या मातीत वजनाने २ ते ३ टक्के विरवलेला चुना नीट मिसळा, आणि खालच्या बाजूला रेतीचा थर अजिबात टाळू नका.

२ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा खेकड्यांचं नाव पुढे आलं आणि त्यावर भरपूर थट्टा झाली. खेकडे नीट बांधलेलं, नीट राखलेलं धरण फोडत नाहीत. पण पाच मीटरच्या पाळीत, पाण्याच्या रेघेजवळ, खेकड्यांची आणि घुशींची बिळं गळतीची वाट नक्की करतात. बीळ तोंडाशी दगड ठेचून बंद करू नका, आत पोकळी तशीच राहते. बिळात १०० मिमीच्या पीव्हीसी पाईपचा मीटरभर तुकडा उभा रोवा, भोवती माती चोपा आणि नऊ भाग चाळलेली माती, एक भाग सिमेंट यांचा दह्याएवढा पातळ घोळ पाईपातून भरत राहा. पाईपातली पातळी खाली जायची थांबली की आत भरलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. बसलेलं असतं, वरून आणखी ओता.

झाडांबद्दल वाद नेहमी होतो. पाळीवर बाभूळ, सुबाभूळ, कडुनिंब नको, आणि पायथ्यापासून सात-आठ मीटरपर्यंतही नको. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाला पाळच सापडते, कारण ती सरकारी आणि मोकळी असते. हाताच्या मनगटाएवढी झाडं सरळ उपटा. मोठं झाड नुसतं कापून खोड ठेवलं तर काही वर्षांनी मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी पोकळ नळ्या उरतात. गळती तेव्हा सुरू होते, झाड कापलं होतं हे सगळे विसरल्यावर. म्हणून खोड मुळांसकट उन्हाळ्यात काढा आणि खड्डा थराथराने चोपून भरा. भर पावसाळ्यात, तळं भरलेलं असताना मोठ्या झाडाला हात लावू नका. उतारावर हरळी सगळ्यात चांगली. तळ्याच्या बाजूची बेशरमची झुडपं मात्र काढायलाच हवीत. त्यांच्या जाळीत बिळं, खचलेलं पिचिंग, काहीच दिसत नाही.

गाळ काढल्यावर तळं गळायला लागलं?

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत अनेक तळी उपसली गेली. काम चांगलं, पण एक चूक सर्रास होते. जेसीबीला पाळीजवळचा गाळ सगळ्यात जाड आणि सगळ्यात काळा सापडतो, म्हणून तिथेच खोल खणलं जातं. हाच गाळ वर्षानुवर्षं बसून तळ्याच्या बुडाला लिंपण झालेला असतो. तो काढला की खालचा मुरूम किंवा भेगाळ बेसाल्ट उघडा पडतो आणि पाणी पाळीखालून निघून जातं.

पाळीच्या आतल्या पायथ्यापासून निदान २५ ते ३० मीटर पट्टा अजिबात खणू नका. इतर ठिकाणीही गाळ खणताना मुरमाचा रंग दिसू लागला की थांबा. आधीच खणून झालं असेल, तर उघड्या मुरमावर काळ्या मातीचे १५ सेंमीचे चार थर ओलवून, चोपून ६० सेंमीचं अस्तर परत घालावं लागतं. १०० चौरस मीटरला दबलेली ६० घनमीटर, म्हणजे सैल भरून साधारण ८० घनमीटर माती लागते. काही विक्रेते बेंटोनाइटची (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीची) पोती भरल्या तळ्यात उधळायला सांगतात. तसं टाकलेलं गळतीच्या तोंडापर्यंत क्वचितच पोचतं. काळी माती घराशेजारी असताना बेंटोनाइट विकत घ्यायची गरजही नसते.

खालच्या पायथ्याचं काम: उलटा फिल्टर

उलटा फिल्टर म्हणजे खाली बारीक, वर जाड अशा थरांनी पाणी जाऊ देणं आणि माती अडवणं. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. ओल जिथपर्यंत दिसते त्याच्या चारही बाजूंना २ मीटर जास्तीची आखणी चुन्याने करा. त्या जागेवरचं गवत, मुळं आणि चिखल १५ सेंमी काढून टाका. पूर्वी टाकलेला घट्ट मुरूम असेल तर तोही. पाळीच्या मूळ अंगात मात्र खोदत जाऊ नका.

पहिला थर स्वच्छ जाड रेतीचा, ३० सेंमी. दुसरा ६ ते २० मिमी गिट्टीचा, ३० सेंमी. तिसरा ४० ते ८० मिमी दगडाचा, ३० सेंमी. त्यावर डब्बर (मोठे ओबडधोबड दगड) रचून वजन द्यायचं, पाळीच्या उंचीच्या साधारण एकतृतीयांशापर्यंत. थर एकमेकांत मिसळता कामा नयेत. टिप्पर मागून एकदम ओतला की सगळं एकत्र होतं, म्हणून रेती आणि गिट्टी घमेल्यांनीच पसरा. तळाशी गिट्टीच्या थराला उतार देऊन पाणी नालीत आणि तिथून व्ही-नॉचवर न्या, म्हणजे पुढेही मोजता येईल.

सगळं अवलंबून आहे रेतीवर. क्रशरची चुरी चालणार नाही. तिच्यातली भुकटी थर लिंपून टाकते आणि पुन्हा मुरूम टाकल्यासारखंच होतं. रेती तपासायला पारदर्शक बाटलीत अर्धी रेती, वर पाणी घालून जोरात हलवा आणि तासभर ठेवा. वर बसलेला मातीचा थर रेतीच्या ५ टक्क्यांच्या आत हवा. दुसरी तपासणी याहून मोलाची: ओली रेती मुठीत दाबून लाडू करा, थाळीत ठेवा आणि हळूच पाणी भरा. पाणी चढताच लाडू ढासळला पाहिजे. उभा राहिला तर त्या रेतीत चिकणमाती आहे. अशा थराला तडा गेला तर तो आपोआप मिटत नाही. रेतीखाली प्लास्टिकचा कागद घालायचा नाही. जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) थेट गळत्या मातीवर लावलं तर बारीक कणांनी चोंदतं, रेतीच ठेवा.

काम बरोबर झालं तर पुढच्या हंगामात पाणी बंद होणार नाही. ते येतच राहील, पण नितळ येईल आणि नालीतून येईल, उतार कोरडा राहील. पंचायतीच्या बैठकीत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘खर्च करूनही गळतंयच’ असा ठपका येतो.

वरच्या बाजूचं काम

वहीतून पातळी सापडली असेल तर सगळी पाळ उकरायची गरज नाही. सापडलेल्या रेघेच्या वर-खाली एकेक मीटर आणि लांबीत दोन्हीकडे पाच मीटर पिचिंग काढा, दगड बाजूला रचून ठेवा. जुनी माती ३० सेंमी खरवडा आणि उतारावर पायऱ्या कापा. गुळगुळीत उतारावर टाकलेली नवी माती पहिल्याच पावसाळ्यात घसरते. काळी माती आदल्या दिवशी पाणी मारून मुरवा, पाच सेंमीपेक्षा मोठं ढेकूळ फोडा. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, हाताला चिखल लागू नये, आणि बोटाने दाबल्यावर गोळा कडेने न तडकता चपटा व्हावा. १५ सेंमीचा थर, मेंढीपाय रोलरचे आठ-दहा फेरे. कडेला १० सेंमीचे थर आणि धुम्मस. जेसीबीच्या बकेटने थोपटणं म्हणजे दबाई नव्हे, वरची दोन बोटं माती तेवढी दबते. एकूण ६० सेंमी माती, वर मुरूम, १५ सेंमी गिट्टी-रेती आणि शेवटी ३० सेंमी पिचिंग परत.

सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असलेले तलाव जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. पाळीत खोदायच्या आधी तिथून लेखी परवानगी घ्या. जुना नकाशा मिळाला तर चर किती खोल नेली होती हेही कळतं.

बोटिंगमुळे होणारे बिघाड

पाणी उतरलं की बोटी बसतात, म्हणून सप्टेंबरात सांडव्यावर (जादा पाणी वाहून जायच्या वाटेवर) रेतीची पोती रचून पातळी फूटभर वाढवली जाते. यातून दोन गोष्टी होतात. पाळीचा वरचा फूटभर भाग, ज्यात भेगा, बिळं आणि दिव्यांच्या खांबांचे खड्डे आहेत, तो प्रथमच पाण्याखाली येतो आणि ‘नवी’ गळती दिसते. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. सांडवा ६० सेंमी खोलीने पाणी वाहील असा धरलेला असेल आणि ३० सेंमी पोत्यांनी खाल्ले, तर क्षमता निम्मी होत नाही, साधारण एकतृतीयांशावर येते. १० मीटर रुंद सांडव्यावरून सेकंदाला ८ घनमीटर जायचे तिथे पावणेतीनच जातील. उरलेलं पाणी पाळीच्या डोक्यावरून. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं की ती काही तासांत जाऊ शकते.

मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर बांधलेली जाळी हा तसाच प्रकार. पुरात बेशरम, पऱ्हाटी (कपाशीच्या काड्या) आणि प्लास्टिक येऊन अडकतं आणि जाळीची भिंत होते. मत्स्य ठेकेदाराला जाळी हवीच असेल तर सांडव्याच्या तोंडापासून दूर, तळ्यात अर्धवर्तुळाकार आणि रुंदीच्या तिप्पट लांबीची लावू द्या, वर पाणी मोकळं जाईल अशी. सांडव्याच्या पुढचा नालाही मोकळा हवा. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर तरी हे वेगळं सांगायला नको.

दिव्यांचे खांब पाळीच्या माथ्यावर नकोत. असतील तर त्यांच्या खड्ड्यांभोवती पाणी साचतंय का ते प्रत्येक पावसानंतर बघा, आणि केबलची चर पाळीला आडवी कधीही जाऊ देऊ नका. मोटारबोट पाळीपासून ३० मीटर लांब ठेवा. लाटांनी पिचिंगच्या सांध्यांतली गिट्टी निघते, मग दगड खाली बसतात.

थांबायचं कधी आणि पळायचं कधी

नितळ पाणी, स्थिर माप: मोजत राहा, उन्हाळ्यात काम करा. पातळी तीच असताना माप वाढलं, पाणी गढूळ झालं, पायथ्याशी उकळल्यासारखी रेती वर येऊन तिचं आळं तयार झालं, माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग पडली किंवा उतार फुगला, तर त्याच तासाला हालचाल करा.

बोटी बंद, पाळीवरची माणसं खाली. विमोचकाचं गेट पूर्ण उघडा, सांडव्यावर काही अडथळा असेल तर काढा. एरवी तळं दिवसाला १५ ते ३० सेंमीपेक्षा वेगाने उतरवू नये, कारण ओली काळी माती आतल्या बाजूला घसरते. इथे मात्र तो धोका पत्करावा लागतो. उकळीवर पोती टाकून ती दाबू नका. भोवती रेतीच्या पोत्यांचं गोल कडं करा आणि आत पाणी चढू द्या. आतलं पाणी वाढलं की दाब कमी होतो. पाणी नितळ यायला लागलं की कडं तेवढ्यावरच थांबवा, आणखी उंच करू नका. आतल्या बाजूला भोवरा दिसत असेल तर त्यात आधी दगड, मग गिट्टी, मग काळ्या मातीची पोती सोडा.

हे करत असतानाच कोणीतरी एकाने फोनवर बसायचं: तलाठी, तहसीलदार आणि १०७७ वर जिल्हा नियंत्रण कक्ष. नाल्याकाठच्या खालच्या गावांच्या पोलीस पाटलांचे नंबर बोटिंगच्या तिकीटखिडकीत आधीच भिंतीवर लिहिलेले असावेत. रात्री दोन वाजता ते शोधत बसायला वेळ नसतो.